मालक, आता खुर्ची सोडा

साखरपेठेतला (धागाकर्ता)

काल आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. रात्रभर झोप लागली नाही म्हणून इथं लिहितोय. संस्थेचं नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लोकांना ओळखू येईल, पण नाव नको.

नोटिशीत वेळ सकाळी साडेनऊची होती. मी सव्वानऊला पोचलो. मंगल कार्यालयाच्या दारातच टेबल मांडलेलं, त्यावर हजेरी रजिस्टर आणि शेजारी स्टीलच्या डब्यांची चळत. सही करायची, डबा घ्यायचा. माझ्या पुढं आईच्या वयाची एक बाई होती. सही करून तिनं विचारलं, "सभा कुठं हाय?" टेबलावरचा पोरगा म्हणाला, "अक्का, तुमचं झालं. जावा घरी, ऊन व्हायलंय." डबा पिशवीत घालून ती रिक्षात बसली. तिच्या सहीवर कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरला.

नऊ चाळीसला सभा सुरू झाली आणि नऊ पंचावन्नला राष्ट्रगीत झालं. विषय होते अकरा. अहवाल, ताळेबंद, नफावाटणी, लेखापरीक्षकाची नेमणूक, बाहेरून कर्ज उचलायची मर्यादा. मॅनेजर विषय वाचायचा, वाक्य पुरं व्हायच्या आत पहिल्या दोन रांगांतून "मंजूर, मंजूर" यायचं. त्या रांगांत कोण बसलं होतं ते मी नीट बघितलं. संस्थेचे कर्मचारी, पिग्मी एजंट (रोजची बचत गोळा करणारे) आणि मालकांचे, म्हणजे चेअरमनसाहेबांचे, पाहुणे.

मी हात वर केला. उत्तर आलं, प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायचे असतात. मी दिले होते. शिक्का मारलेली पोच खिशात होती, ती काढून दाखवली. माझे प्रश्न दोनच होते. सलग तीन वर्षं लाभांश का नाही? आणि संचालकांच्या नात्यात किती कर्ज गेलंय, त्यातलं थकीत किती? माईक माझ्यापर्यंत आलाच नाही. शेवटी "ऐनवेळचे विषय" मध्ये चेअरमनसाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

ते चेअरमन होऊन एकोणीस वर्षं झाली. मध्ये एकदा ते नगरसेवक होते, पुढच्याच निवडणुकीत लोकांनी पाडलं. वॉर्डानं नाकारलं तरी संस्थेत बसून आहेत. मागच्या दोन्ही निवडणुका बिनविरोध. एकदा आठ जणांनी अर्ज भरले होते, छाननीत सहा उडाले आणि राहिलेल्या दोघांनी माघार घेतली. नंतर कोरोनात राज्यभरच्या सहकारी निवडणुका पुढं गेल्या, त्यात यांना आयती मुदतवाढ मिळाली.

कन्ना चौकापासून अशोक चौकापर्यंत कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहून विचारा, त्यांच्या बाजूनं बोलणारा माणूस सापडत नाही. मग हा माणूस टिकतो कशावर? मला खरंच समजून घ्यायचंय. आणि एक गोष्ट काल पहिल्यांदा बोचली. सहकारी संस्थेचा मालक सभासद असतो. आपण मात्र एकोणीस वर्षं त्यांनाच "मालक" म्हणतोय. मीसुद्धा. काल माईक मागतानाही माझ्या तोंडून "मालक, एक मिनिट" हेच निघालं.

---

विजापूरवेस

लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या संस्थेतही डिट्टो हेच, फक्त डब्याऐवजी चादर.

---

तात्या शेळगी

मी त्या सभेला होतो. तिसऱ्या रांगेत. तुम्ही उभारलात तेव्हा मी उठलो नाही, याची लाज वाटते म्हणून लिहितोय.

कारण सांगतो. माझ्या थोरल्या भावानं २०१८ ला दोन यंत्रमाग घ्यायला तिथून कर्ज काढलं. जामीनदार मी आणि आमचे साडू. जीएसटीनंतर धंदा बसला होताच, कोरोनात माग भंगारात गेले. हप्ते मागंपुढं होतात. मालक कधी तगादा लावत नाहीत. रस्त्यात भेटले की खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बघू की, आपलीच माणसं." ज्या वर्षी माझ्या मेव्हण्यानं निवडणुकीचा अर्ज भरला, त्याच आठवड्यात सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, थकीत कर्जाच्या वसुली दाखल्याची, नोटीस घरी आली. अर्ज मागं घेतल्यावर नोटीस पुढं सरकली नाही.

तुम्ही विचारता टिकतात कशावर. आमच्यासारख्यांच्या जामिनाच्या सह्यांवर टिकतात. पूर्व भागात असा एकही बोळ नसेल जिथं कुणी ना कुणी कुणाचा जामीनदार नाही. एकानं तोंड उघडलं की तीन घरं हलतात.

---

विडीकामगाराची लेक

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. हजार विड्यांमागं जे मिळतं त्यातून रोज पिग्मीत टाकते. माझं शिक्षण त्या पैशातून झालं. म्हणून मला या विषयावर मोठ्यानं बोलायची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलासुद्धा. पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. संस्थेबद्दल वाईट बातमी फुटली की लोक काउंटरवर गर्दी करतात, आणि शेवटी पोचतो त्याला काहीच मिळत नाही. शेवटी कोण पोचतो? आईसारखी बाई, जिला बातमी चार दिवसांनी कळते.

मालकांना हे पुरतं माहीत आहे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "संस्थेची बदनामी करू नका, गोरगरिबांचा पैसा आहे." पैसा गोरगरिबांचाच आहे, ते खरं. पण प्रश्न विचारला की पैसा बुडतो, असं त्यांनी आमच्या मनात बसवलंय. विचारणाऱ्यावर त्या पैशाचाच धाक घालतात. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो.

---

माग आणि मागणी

थोडी दुसरी बाजू मांडतो. चिडू नका.

राष्ट्रीयीकृत बँका आमच्या यंत्रमागवाल्यांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा याच माणसानं घरी येऊन कर्ज दिलं. कागदपत्रं अपुरी असताना दिलं. टॉवेलचे भाव पडले तेव्हा हप्त्याला सवलत दिली. साखर पेठेतली निम्मी घरं त्या कर्जावर उभी आहेत. चेअरमन बदला म्हणणं सोपं आहे. उद्या नवीन पॅनेल आलं आणि त्यांनी सगळ्या थकबाकीदारांवर एकदम १०१ लावलं तर? तुमच्या त्या तात्यांचं काय होणार?

---

तात्या शेळगी

माझं काय व्हायचं ते होईल. नियमानं नोटीस आली तर मी हप्ते बांधून फेडीन. कुणाच्या मर्जीवर जगणं मला आता नको वाटतं. कर्ज भावानं घेतलं, त्याचं व्याज आम्ही भरलं, आणि उपकार मात्र मालकांचे.

---

साखरपेठेतला (धागाकर्ता)

माग आणि मागणी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या वडिलांनाही त्यांनी कर्ज दिलं होतं, वडील मरेपर्यंत त्यांचं नाव काढायचे. पण ते चांगलं काम पहिल्या सहा-सात वर्षांतलं आहे. त्याच कामाच्या जोरावर पुढची बारा वर्षं विचारायचंच नाही का? आणि कागदपत्रं अपुरी असताना माझ्या वडिलांना दिलं, तसंच पुतण्याला आणि मेव्हण्यालाही दिलं असेल, तर ते मला बघायला मिळायला हवं.

---

पुण्यात असतो पण सोलापूरचा

सरळ प्रशासक आणा. संचालक मंडळ बरखास्त. विषय संपला.

---

जुळे सोलापूर

प्रशासक आणून विषय संपतो असं म्हणणाऱ्यांनी आपली महापालिका आठवावी. २०१७ ला निवडून दिलेल्या १०२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली. नंतर जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत प्रशासकच होते. जवळजवळ चार वर्षं. उजनीचं धरण आपल्याच जिल्ह्यात, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. आमच्या गल्लीतल्या बायका रात्री दोनला घागरी घेऊन बसायच्या. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन शिव्या तरी घालता यायच्या. प्रशासकाच्या काळात अर्ज घेऊन टपाल खिडकीला गेलो की शिक्का मिळायचा, माणूस भेटायचा नाही.

नावडता माणूस निवडणूक न घेता बसला काय, किंवा वरून नेमलेला माणूस निवडणूक न घेता बसला काय, विचारायला जायचं कुठं हा प्रश्न तसाच राहतो. निवडणूक मागा.

---

विजापूरवेस

या शहरानं १९३० साली मार्शल लॉ सोसला. चार जण फासावर गेले. आणि आपण एका चेअरमनला घाबरतोय.

---

तात्या शेळगी

विजापूरवेस, राग मानू नका. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांची नावं मी लहानपणापासून हात जोडून घेतो. दर १२ जानेवारीला पुतळ्यापाशी जातो. ती माणसं इंग्रजांविरुद्ध उभी राहिली. त्यांना पतसंस्थेच्या भांडणात आणू नका. आपलं भांडण लहान आहे, आपणच ते लहान राहू दिलं नाही.

---

विजापूरवेस

बरोबर. मागे घेतो.

---

निवृत्त लेखापरीक्षक

तीस वर्षं सहकार खात्याच्या अवतीभवती काढली आहेत, शेकडो संस्थांची दप्तरं चाळली आहेत. दोन दिवस हा धागा वाचतोय. राग सगळ्यांचा खरा आहे, पण रागानं चेअरमन गेलेला मी पाहिला नाही. कागदानं गेलेले पाहिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सभासदांनी अविश्वास ठराव आणायचा हा बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. चेअरमनवर अविश्वास संचालक आणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७३-१ड. एक तृतीयांश संचालकांनी मागणी करायची आणि एकूण संचालकांच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव व्हायला लागतो. जिथं संचालक मंडळात भाऊबंद भरलेत तिथं हा रस्ता बंद समजा. त्यावर वेळ घालवू नका.

सभासदांच्या हातात जे आहे ते बघा. कलम ३२ खाली तुम्हाला संस्थेच्या कार्यालयात बसून फुकट बघता येतं: कायदा, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं प्रोसिडिंग (सभेची लेखी नोंद). संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तंही, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नाकारली तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. नकाराचा कागदसुद्धा पुढं कामाला येतो.

विशेष सर्वसाधारण सभा मागायची असेल तर कलम ७६. एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्याहून कमी संख्या दिली असेल तर तेवढ्यांनी, लेखी मागणी केली की एक महिन्यात सभा बोलवावीच लागते. चौकशी हवी असेल तर कलम ८३, तिथंही एक पंचमांश. सहकार खात्याचा निबंधक स्वतःहूनही चौकशी लावू शकतो, पण तो लावील या आशेवर बसू नका.

इथं एक अडचण येते ती आधीच सांगतो. एक पंचमांश म्हणजे नेमके किती? त्यासाठी एकूण सभासद किती हे कळायला हवं. ते 'आय' रजिस्टरात (सभासद नोंदवही) आणि 'जे' यादीत (सभासदांची यादी) असतं, आणि दप्तर त्यांच्या ताब्यात. म्हणून सुरुवात नेहमी कलम ३२ पासून करा. पहिल्या दिवशी ८३ चा अर्ज घेऊन धावणारे तिथंच अडकतात.

डब्याबद्दल. नोटिशीच्या तळाला एक ओळ छापलेली असते, ती कुणी वाचत नाही: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." म्हणजे कोरम नसला तरी सभा होते. मग डबे कशाला वाटतात? भरलेलं रजिस्टर खात्याला आणि लेखापरीक्षकाला दाखवायला. पाचशे सह्या आणि सर्वानुमते ठराव, हे कागदावर फार भक्कम दिसतं. मी स्वतः अशी रजिस्टरं पाहून "सभा रीतसर झाली" असं लिहिलेलं आहे. त्या पाचशेंपैकी किती जण खुर्चीवर बसले होते, हे मला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

आणखी एक. २०१३ च्या दुरुस्तीनं क्रियाशील सभासदाची अट आली, त्यात सभेला हजर राहणंही मोजायचे. अक्रियाशील ठरलं तर मत जायचं; आता काय लागू आहे ते विचारून घ्या. काहीही असो, सभेला जाऊ नका असा सल्ला कुणी रागानं देत असेल तर ऐकू नका. जा, बसा, शेवटपर्यंत थांबा.

संचालक मंडळाची मुदत ५ वर्षांचीच आहे. पण निवडणूक बिनविरोध होत गेली की एकोणीस वर्षं होतात. बँकेत एकाच माणसानं किती वर्षं बसावं याला मर्यादा आहे. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग ८ वर्षांची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती १० केली, तीही चेअरमन आणि पूर्णवेळ संचालक वगळून. माझं मत विचाराल तर पतसंस्थेतही मर्यादा काटेकोर पाळली जावी, आणि चेअरमनच्या बाबतीत सगळ्यात आधी.

जानेवारी १९८२ मध्ये अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले. विधिमंडळात बहुमत त्यांच्या पक्षाचंच होतं. उच्च न्यायालयात सिमेंटच्या परवान्यांचा आणि ट्रस्टच्या देणग्यांचा मेळ कागदावर बसला, म्हणून त्यांना जावं लागलं. तेव्हा मी नोकरीत नवीन होतो. आमचे साहेब एवढंच म्हणाले होते, "तारखा जुळवा, बाकीचं आपोआप दिसतं."

---

विडीकामगाराची लेक

काका, हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "असं कागद मागितलं तर माझी पिग्मी बंद करतील का?"

---

निवृत्त लेखापरीक्षक

नाही. दप्तर बघणं हा तिचा हक्क आहे. त्यामुळं ठेव अडवता येत नाही, अडवली तर ते त्यांच्यावरच उलटेल. एकटीनं जायला लावू नका तिला, चार-पाच जण मिळून जा. आणि बाहेर "संस्था बुडाली" असं कुणीही बोलू नये. ताळेबंद बघितल्याशिवाय तसं म्हणणं खोटं ठरेल आणि तुमच्याच आईचं नुकसान होईल.

---

माग आणि मागणी

मी मालकांच्या बाजूनं बोललो होतो. पण कागद बघायला माझी ना नाही. जाणार असाल तर सांगा, मीपण येतो.

---

साखरपेठेतला (धागाकर्ता)

आठ दिवसांनी लिहितोय. उशीर झाला, माफ करा.

सोमवारी आम्ही पाच जण गेलो. तात्या, माग आणि मागणी, मी आणि आणखी दोघं. कलम ३२ चा अर्ज टाइप करून नेला होता. मॅनेजर म्हणाला मालकांना विचारावं लागेल. आम्ही म्हटलं विचारा, आम्ही बसतो. पावणेदोन तास बाकड्यावर बसलो. तात्यांचे हात थरथरत होते, पण उठले नाहीत. मालक केबिनमधून बाहेर आले, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि तात्यांना म्हणाले, "तुम्हीपण?" तात्या म्हणाले, "सभासद नंबर सांगू का?" मालक काही न बोलता गाडीत बसून गेले.

'आय' रजिस्टर मिळालं नाही, "ऑडिटला गेलंय" म्हणाले. तसं लेखी द्या म्हटल्यावर खूप कुरकुर करून दिलं. गेल्या वर्षीच्या सभेचं प्रोसिडिंग बुक मात्र टेबलावर आलं. तांबड्या कापडी बांधणीचं, पानांना नंबर घातलेले. मी एकेक ठराव वाचत गेलो. प्रत्येकाखाली तेच, "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर". ठराव क्रमांक सात संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या थकीत कर्जांना मुदतवाढ देण्याचा होता. त्याच्या खाली सूचक म्हणून संस्थेच्या एका पिग्मी एजंटाचं नाव.

अनुमोदक म्हणून माझ्या आईचं नाव.

मी ते तीनदा वाचलं. वडिलांचं नाव, आडनाव, सभासद क्रमांक, सगळं बरोबर. गेल्या वर्षी आई सभेला गेली होती ती सही करून कळशी घ्यायला. वीस मिनिटांत घरी आली होती, मला आठवतं, कारण मीच तिला गाडीवर सोडलं आणि आणलं होतं. आमच्या घरात अशा सभांचे तीन डबे आणि ती एक कळशी आहे. सभेच्या दिवशी दारातून परत गेलेल्या त्या बाईबद्दल मी वर लिहिलं, तेव्हा आपल्या घरात तेच झालंय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आम्ही घरात तेलुगूच बोलतो, तिला अनुमोदक म्हणजे काय ते समजावायला वेळ लागला. कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, त्या बाबाच्या पाहुण्यांनी पैसे उशिरा फेडले तरी चालेल असं मी म्हटलं असं त्यांनी लिहिलं का? मी हो म्हटलं. तिनं उठून कळशी माळ्यावरून काढली आणि दाराशी आणून ठेवली. उद्या परत देऊन ये म्हणाली.

काल लेखापरीक्षक काकांना भेटलो. त्यांनी आईचं म्हणणं मराठीत लिहून काढलं: मी त्या सभेत बसले नव्हते, कुठल्याही ठरावाला अनुमोदन दिलं नाही. आईला ते दोनदा वाचून दाखवलं. तिनं त्यावर तेलुगूत सही केली, हजेरी रजिस्टरात करते तशीच. ते निवेदन जिल्हा उपनिबंधकांकडं दिलंय, पोच मिळाली आहे.

विशेष सभेच्या मागणीचा अर्जही तयार आहे. उपविधी बघून किती सह्या लागतात ते काका सांगणार आहेत, तोपर्यंत गोळा करत राहायच्या. पहिली सही आईची आहे, दुसरी तात्यांची, तिसरी माग आणि मागणी यांची. विडीकामगाराच्या लेकीनं आईला घेऊन येते म्हणून कळवलंय.

रविवारी सकाळी दहाला कन्ना चौकात चहाच्या गाड्याजवळ मी अर्ज घेऊन थांबेन. सभासद क्रमांक माहीत नसेल तर पासबुक घेऊन या, पहिल्या पानावर असतो. घरातल्या ज्या कुणी डब्यासाठी सही करून परत आल्या असतील, त्यांनाही घेऊन या. गेल्या वर्षीच्या प्रोसिडिंगमधली सूचक-अनुमोदकांची सगळी नावं मी वहीत उतरवून घेतली आहेत. आपापल्या घरातलं नाव आहे का, तिथंच बघता येईल.